पंधरा दिवस रंगाच्या डब्याला हात लावू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: इंदूरच्या सुदामानगरातलं १९९४ सालचं घर, खाली तीन खोल्या आणि वर एक. हॉलची पश्चिमेची भिंत जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ओली, पोपडे सुटलेले. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघालेली. वरच्या खोलीत उन्हाळ्यात बसवत नाही. हाताशी ३०,००० रुपये, आणि रंगाऱ्याने सगळ्या घराला पुट्टी आणि रंग मिळून ५२,००० सांगितलेत. दिवाळीला पाच आठवडे आहेत. शिवाय नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं आहेत, त्यांचा मोबाइल सुटेल असं काहीतरी काम त्यांना द्यायचंय.

तुमचं काम ३०,०००त होईल. पण हॉलची ती भिंत या दिवाळीला रंगवायची नाही. सासूबाईंना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

इंदुरात ३१ वर्षं मी डागडुजीची आणि रंगाची कामं घेतोय. नवरात्र बसलं की फोन सुरू होतात, "भाऊ, दिवाळीच्या आत करून द्या." आणि होळीच्या सुमारास त्यातल्याच काही घरांतून पुन्हा फोन येतो, "भाऊ, रंग फुगला." यात दुसऱ्यांना हसायचं मला तोंड नाही. माझ्या स्वतःच्या घरी, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, सासरची मंडळी येणार म्हणून मी ओल्या भिंतीवर पुट्टीचे दोन हात ओढून वर गुलाबी रंग मारला होता. मार्चमध्ये तो पापडासारखा सुटून खाली आला. ओल कुठून येत होती, ते त्यानंतर शोधलं. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप त्या भिंतीच्या बाहेरून उतरत होता आणि मधल्या सांध्यातून गळत होता. शंभर रुपयांचं काम होतं.

म्हणून सांगतो, पहिले पंधरा दिवस फक्त बघायचं. हे बघण्याचं काम मुलांकडे द्या, कारण मोठ्यांना धीर नसतो.

सुरुवात टाकीपासून. आपल्याकडे नर्मदा १९७८ मध्ये आली. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपाने चढत येते आणि बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड मिळते. त्यामुळे प्रत्येक घरात खाली हौद, वर टाकी आणि मोटर. नळाचा दिवस असला की मोटर लावून आपण चहा प्यायला बसतो, टाकी भरून वाहते आणि बाहेरच्या भिंतीवरून पाणी उतरत राहतं. इंदुरातल्या ओलीच्या निम्म्या तक्रारी मला तरी इथेच सापडल्या आहेत. तेरा वर्षांच्या पोराला सांगा, रात्री सगळे नळ बंद झाल्यावर काठी बुडवून टाकीची पातळी खडूने नोंदव आणि पहाटे कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघ. १,००० लिटरच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण नऊ लिटर पाणी. रात्रीत दोन सेंटिमीटर उतरलं तर पाइप कुठेतरी भिंतीत गळतोय, आणि मग पहिल्यांदा बोलवायचा तो प्लंबर. पातळी जागच्या जागी असेल तर नळाच्या दिवशी मोटर चालू असताना त्या पश्चिम भिंतीबाहेर जाऊन उभं राहायचं, वर बघत.

धाकटीचं काम वेगळं. स्वयंपाकघरातल्या चपातीच्या फॉइलचा फूटभर चौकोन ओल्या जागेवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवसांनी काढायचा. फॉइलच्या बाहेरच्या अंगाला दव असेल तर खोलीतली दमट हवा दोषी, खिडक्या उघडा. मागच्या, भिंतीकडच्या अंगाला पाणी असेल तर ते भिंतीतूनच येतंय. तुमच्याकडे दुसरं निघेल असं मला वाटतं.

तीन फुटांपर्यंतच ओल आहे हीही मोठी खूण आहे. जमिनीतलं पाणी विटांतून दिव्याच्या वातीसारखं चढतं आणि बहुधा तीन-साडेतीन फुटांवर दमतं. ते अडवायला जोत्यावर डीपीसीचा थर दिलेला असतो. पण आपण काय करतो? बाहेरच्या अंगाला ओटला घालतो, तुळशीचा कट्टा बांधतो, कुंड्यांसाठी मातीचा ढीग भिंतीला टेकवतो, आणि माती त्या थराच्या वर गेली की पाण्याला शिडी मिळते. तुमच्या फोटोत भिंतीला लागून अकरा कुंड्या मी मोजल्या. त्या दोन फूट लांब सरकवा. भिंतीला टेकलेली माती जोत्याच्या थराखाली सहा इंच जाईल इतकी उकरून काढा, आणि उतार बाहेरच्या बाजूला करा. यात पैसा लागत नाही, एक रविवार लागतो.

आत हॉलमध्ये खाली चकचकीत ऑइलपेंटचा पट्टा आहे, असं तुम्ही लिहिलंय. तो मागे कुणीतरी ओल झाकायला मारला असणार. अशा पट्ट्याने ओल थांबत नाही. पाण्याला भिंतीबाहेर पडायची वाट बंद होते, मग ते आणखी वर चढतं. टाइल लावल्या तरी हेच होतं, फक्त जास्त खर्चात.

त्या पट्ट्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि मुलांच्या मेंदूला त्याची धूळ वाईट. तो पट्टा कोरडा घासायचा नाही. पाण्याने भिजवून खरवडायचा, आणि त्या दिवशी मुलं मावशीकडे. पोपडे वेगळ्या पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीवर घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या, रंगाचे रिकामे डबेही त्यातच. ओला-सुका वेगळा द्यायची आपली सवय इथे कामी येते.

आता ती तिरपी भेग. मुलांना एक प्रयोग करायला लावा, मला तो फार आवडतो. बागेतली काळी माती भिजवून ताटलीत बोटभर जाड थापा आणि ऑक्टोबरच्या उन्हात ठेवा. तीन-चार दिवसांत तिचे तुकडे होऊन कडा ताटलीपासून सुटतील. पुन्हा पाणी घाला, फुगून भेगा मिटतील. माळव्याची माती अशीच आहे, पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. तुमचं घर त्या ताटलीवर उभं आहे. म्हणून बऱ्याच भेगा मे महिन्यात रुंद होतात आणि श्रावणात बुजतात. तुमच्या भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा, दर महिन्याला बघा. केसाएवढी असेल तर वर्षभर नुसतं पाहा, नंतर लवचीक फिलर आणि जाळीच्या पट्टीने बुजवा. आज सिमेंटने भरली तर शेजारून नवी निघेल. पण नाणं सहज आत शिरत असेल, किंवा दार-खिडकी अडकायला लागली असेल, तर माझं ऐकू नका, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. ते पैसे कुठल्याही रंगाच्या आधी.

एवढं बघून झालं की मिस्त्री. गच्चीवर दोन बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासानंतर जिथे डबकं उरेल तिथे मुलांना कोळशाने गोल काढायला सांगा. मिस्त्री आला की "इथे, इथे आणि इथे" असं दाखवता येतं, नाहीतर तो सगळ्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग विकतो. गच्ची आणि कठडा मिळतात तिथला गोला (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) तीस वर्षांत फुटलेला असणारच, तो तोडून नवा घालून घ्या. दोन दिवसांचं काम आहे, सामानासकट साधारण ४,५०० रुपये. टाकीचा बॉल कॉक (तरंगत्या गोळ्याची तोटी, टाकी भरली की पाणी बंद करते) आणि पाइपचं काम १,५०० च्या आत बसावं.

हॉलच्या भिंतीचा ओला गिलावा ओलीच्या रेघेपेक्षा फूटभर वरपर्यंत तोडून विटा उघड्या करा. विटांवर पांढरी भुकटी दिसेल, तो लोणा. पाण्याने धुतलात तर मीठ विरघळून परत आत जाईल. कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत धरा, फेकून द्या, आठवड्याने पुन्हा झाडा. आणि मग भिंत तशीच सोडा. वीट वाळायला एक इंच जाडीला साधारण महिना, असा आमचा हिशेब. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी वाळली तरी फेब्रुवारी उजाडेल. माळव्याची कोरडी थंडी हे काम फुकटात करते, तिला करू द्या. फेब्रुवारीत सिमेंट एक भाग, चुना एक भाग आणि वाळू सहा भाग असा हलका गिलावा घ्या, त्यावर चुन्याचा हात द्या. पुट्टी नको, ऑइलपेंट तर नकोच. भिंतीला श्वास घेता आला पाहिजे. हे धरून ५,००० ठेवा.

"म्हणजे दिवाळीला पाहुणे आले की हॉलमध्ये उघड्या विटा?" सासूबाईंचा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू आला. त्याचा तोडगा आमच्या हिचा आहे, श्रेय माझं नाही.

त्या भिंतीवर चार फुटांच्या उंचीवर एक आडवा बांबू लावा, भिंतीपासून तीन इंच पुढे, दोन टोकांना आणि मध्ये आधार देऊन. त्यावर एक जुनी सुती साडी आडवी सोडा. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे खाली जमिनीपासून तीन इंच मोकळे राहतात आणि हवा खेळते. लांबी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. तुमची भिंत १२ फुटांची आहे, तेव्हा दीडपट कापड छान चुण्या पडून बसतं. काठ वर आणि खाली आपोआप येतात. साडीला कात्री लावायची नाही, नुसती वरच्या काठाला कड्या टाचायच्या. कात्री लागणार नाही म्हटल्यावर सासूबाई पेटीतली महेश्वरीसुद्धा देतील, बघा. नऊवारी असेल तर आणखी घेर मिळेल. कड्या टाचायचं काम दोन्ही मुलांना येतं, धावदोरा शिकायला दहा मिनिटं पुरतात. आमच्याकडे हा "तात्पुरता" पडदा चार वर्षं होता. दिवाणाला मात्र सांगा भिंतीपासून हातभर लांब राहायला.

दारांना पडदे हवे असतील तर दुसऱ्या साडीचे करा. सात फुटी दारासाठी दुमडीसकट ९२ इंचांचे दोन तुकडे, ३२ इंच उरतात, त्यात उशीचे दोन अभ्रे. कापण्यापूर्वी साडी उजेडासमोर धरा, जिथे विरली असेल तो भाग उश्यांनाही घेऊ नका.

बाकीच्या कोरड्या भिंती खुशाल रंगवा. सगळ्या घराला नवी पुट्टी कशाला? जुना रंग घट्ट धरून बसलाय, तिथे १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून धूळ पुसली की झालं. खड्डे आणि खिळ्यांची भोकं तेवढी पुट्टीने भरा, भरलेल्या जागी प्रायमर द्या. रंग किती लागेल ते स्वतः मोजा. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली: भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडक्या वजा करून ४००, छत १२०. साध्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना ५० ते ६० चौरस फूट पुरतो, म्हणजे दहा लिटर. वीस लिटरची बादली सियागंजच्या घाऊक बाजारात घासाघीस करून घ्या, कॉलनीतल्या दुकानापेक्षा स्वस्त पडते. छतासाठी आणि पहिल्या हातासाठी रोजावर एक रंगारी चार दिवस ठेवा, दुसरा हात घरच्यांनी रोलरने मारायचा. सामान आणि रोजी मिळून १०,००० च्या आसपास. रंग कोणता ते विचारलंत. हॉल पूर्व-पश्चिम आहे, उजेड कमी, तेव्हा हलका पिवळा घ्या. लिंबाचा नको, वरणाचा.

मुलांना भिंतीपेक्षा ओटला द्या. संजा, म्हणजे भिंतीवरची शेण-फुलांची चित्रं, तुमच्या धाकटीने शेजारच्या मुलींबरोबर श्राद्धपक्षात केलीच असेल, शेण-फुलांशी तिचा हात बसलेला असेल. त्याच हाताने दिवाळीला मांडणा घालू द्या. गेरू रात्रभर भिजवून ओटल्याची जमीन सारवायची, वाळली की खडियाच्या पांढऱ्या मातीने कापसाचा बोळा बोटांत धरून रेघा ओढायच्या. गेरूत चमचाभर फेविकॉल घातला तर पायाला लागत नाही. कुणी ठिपक्यांची रांगोळी, कुणी माळवी पगल्या (पावलं), दोन्ही एका ओटल्यावर नांदतात. आपली घरं तशीच आहेत.

आणि किल्ला. गच्चीच्या कठड्याचा गोला तोडला की दोन-तीन घमेली मलबा निघतो. त्याला रंग लागलेला नसतो, तेव्हा मुलांच्या हाती द्यायला हरकत नाही (हॉलचा गिलावा मात्र नाही, शिशाचं वर सांगितलंय). मलबा रस्त्यावर टाकाल तर दंड, गाडी बोलवाल तर भाडं. त्यापेक्षा तो किल्ल्याच्या पोटात घाला. त्यावर पोती मातीच्या काल्यात बुडवून पसरा. माती काळी घ्यायची नाही. का, ते ताटलीने शिकवलेलंच असेल. माझ्या पुतण्याने एका वर्षी हट्टाने काळ्या मातीचा राजगड केला, लक्ष्मीपूजनापर्यंत बालेकिल्ला दुभंगला. पिवळी माती आणि थोडा भुसा चांगला. अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा, रोज हाताने पाणी शिंपडा, पाइप लावू नका.

अटाल्यात जुनी सागवानी फळकुटं असतील तर तेरा वर्षांच्या पोराकडून एक फळी घासून घ्या, पुस्तकांसाठी. अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान, पातळ हात, दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा एक. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटते. उन्हात पसरून वाळवा, मग फेका. विजेच्या बोर्डाला घरच्यांनी हात लावायचा नाही, त्यावर मी जास्त बोलत नाही.

वरच्या खोलीचं यंदा काही करू नका. गच्चीवर चुना मारायचा तो मार्चमध्ये, कारण पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो. आत्ता मुलांना फक्त खात्री पटवा. दोन कवेलू (कौलं) घ्या, एकाला चुना फासा, दोन्ही दुपारी गच्चीवर ठेवा आणि दोन वाजता हात लावून बघू द्या. अहमदाबादेत २०१७ पासून वस्त्यांमधली छतं पांढरी करतात, ती याच कारणाने. मी ५०० चौरस फुटांना १० किलो भिजवलेला चुना, २ किलो पांढरा सिमेंट आणि अर्धा किलो फेविकॉल घेतो, ताकाइतकं पातळ करतो, गच्ची झाडून ओली करून संध्याकाळी दोन हात मारतो. हजार-दीड हजारात होतं. कळीचा चुना घरी भिजवायला जाऊ नका, तो पाण्यात उकळतो आणि उडालेला थेंब डोळा घालवतो. भिजवलेलाच आणा, आणि मारताना चष्मा घाला.

भिंत तोडायची एका मजुराची ७०० रोजी धरली तरी हे सगळं २३,०००-२४,००० मध्ये बसतं. उरलेले मोडू नका. गिलावा तोडल्यावर विटांमागे काय निघेल ते कुणीच सांगू शकत नाही. काही निघालं नाही तर सासूबाईंच्या खोलीत बीएलडीसी पंखा घ्या, जुना ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास.

आज संध्याकाळी मात्र गच्चीवर जाऊन टाकीचा बॉल कॉक हलवून बघा. उद्या तुमच्याकडे पाण्याचा दिवस असेल, तर मोटर लावायच्या आधी.